उपाशी वाफा

"हिला ताप आलाय का काय?" हौसाक्कांनी विचारलं.

त्या परसदारच्या कट्ट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या आणि मी वाफ्यात गुडघे टेकून मातीत एक पांढरी पट्टी रोवत होते. 'हिला' म्हणजे जमिनीला.

"व्हय आक्का, जिमिनीच्या काखंत थर्मामीटर लावलाय," त्यांची सून कांचन म्हणाली. "आता गप बसा घटकाभर, न्हाईतर ताप चुकीचा दाखवंल."

हौसाक्का खरंच गप्प बसल्या. कांचन तोंडाला पदर लावून हसली. तिला सातवा लागला होता. हसली की एक हात आपोआप पोटाखाली जायचा.

ती पट्टी म्हणजे मातीतली ओल मोजणारा सेन्सर. दोन दातांचा, चपटा, मागे काळी वायर. वायर खांबावरच्या डब्यात जायची, डब्यात सिमकार्ड, आणि तिथली ओल थेट आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर रेघ होऊन उमटायची. तळमाळची वाडी डोंगराच्या पठारावर. नळाला एक दिवसाआड पाणी. तरी तिथल्या बाया भांड्यांच्या, आंघोळीच्या पाण्यावर परसात भाजी काढायच्या. परसबाग कमीत कमी किती पाण्यावर जगते, हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून प्रत्येक घरी तीन वाफे. एकाला रोज पाणी, एकाला अधूनमधून, आणि तिसऱ्याला बी रुजेपर्यंत काय मिळेल ते; पुढे थेंबही नाही.

आमच्या कागदावर त्यांना अ, ब, क अशी नावं होती. कांचनने ती तिथल्या तिथे बदलली. "हा जेवता वाफा, हा एकभुक्त्या, आन् ह्यो बिचारा उपाशी," ती म्हणाली, आणि आठवडाभरात सगळी वाडी तेच म्हणू लागली. पुढे पुढे आमचे घोरपडे सरसुद्धा मीटिंगमध्ये उपाशी वाफा म्हणायला लागले.

सेन्सरची ही काडी नुसती खुपसून चालत नाही, हे मी कांचनला दाखवलं. माती आणि काडी यांच्यात हवा राहिली की आकडा खोटा येतो. म्हणून बोटांनी माती चेपत चेपत तिच्याभोवती घट्ट बसवायची. तीही माझ्याबरोबर चेपू लागली.

"दुपट्यात बाळ गुंडाळत्यात तसं," कांचन म्हणाली.

"अगदी तसंच. आणि मग इथे कुणाचा पाय पडता कामा नये. माणसाचा नाही, शेळीचा नाही, कोंबडीचाही नाही."

मी वाफ्याभोवती काटक्या रोवून सुतळी ताणली, वर जाळी टाकली आणि पत्र्याची पाटी लावली: 'या वाफ्यात पाय ठेवू नये.' कांचनने ती सासूला मोठ्यांदा वाचून दाखवली. हौसाक्का म्हणाल्या, देवळाबाहेर लावत्यात तशीच की गं.

माझी राही तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला सासूबाईंजवळ ठेवून मी नुकतीच कामाला लागले होते, आणि दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. त्या दिवशीही झाली. माती चेपता चेपता कुर्ता भिजला. मी ओढणी पुढे घेतली, पण कांचनने पाहिलं होतं. हौसाक्कांसमोर ती काही बोलली नाही. "ताई, हात धुवायला या," म्हणून मला न्हाणीत नेलं, हातात एक वाटी दिली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

वाटी भरली. मी ती मोरीत ओतणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"आवं ताई, काय करताय? पायदळी जाईल की ते."

तिने मला सगळं समजावून सांगितलं. आईचं दूध पायदळी गेलं तर ते आटतं. काढावं लागलंच तर झाडाच्या मुळात घालावं, नाहीतर कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी. मी म्हणाले, आम्हाला कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. त्यावर ती म्हणाली, "तुमच्या कॉलेजात बाळंतीण कोण हुती का? मग कोण शिकवंल?"

माझ्या हातातली वाटी घेऊन तिने ती कढीपत्त्याच्या बुंध्याशी हळूच ओतली. मग पोटावर हात ठेवून त्या ओल्या मातीकडे बघत जरा वेळ तशीच उभी राहिली.

पुढे काम सुरळीत चाललं. संक्रांत गेली, ऊन चढू लागलं. पडद्यावर जेवत्या वाफ्याची रेघ डोंगर काढायची, एकभुक्त्याची टेकड्या, आणि उपाशी वाफ्याची रेघ घाट उतरल्यासारखी नुसती खाली खाली. सगळ्या घरांत सारखंच. फक्त कांचनच्या घरचा उपाशी वाफा एके दिवशी उतरायचा थांबला. मग त्याच्या रेघेवर बारीक बारीक पायऱ्या दिसू लागल्या. पाण्याचा डोंगर नव्हे. मुंगीच्या वारुळाएवढे उंचवटे. दिवसातून चार-पाच वेळा, रोज.

घोरपडे सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पाहिलं आणि म्हणाले, कुणीतरी गुपचूप पाणी घालतंय. त्यांना याचं नवल नव्हतं. बायकांना सुकणारं रोप बघवत नाही, जाता-येता ओंजळ टाकतात, असं त्यांनी आधीच्या कामांतही पाहिलं होतं. पण उपाशी वाफा उपाशी राहिला नाही तर बाकीच्या दोघांची तुलना कशाशी करायची? "जाऊन गोड बोलून सांगा," ते म्हणाले. "रागावू मात्र नका. दया येते त्यांना, दुसरं काय."

मीही तेच धरून चालले होते. कांचनला काय चिडवायचं, ते एस.टी.त बसूनच ठरवलं होतं. उपाशी माणसाला चोरून जेवू घालतेस ना?

हौसाक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या नाहीत. कांचन कुठे आहे विचारल्यावर आत बोट दाखवलं, आणि मग मान खाली घालून सूप घोळवत सगळं सांगितलं. सातवा सरता सरता कळा लागल्या. ऑपरेशन झालं. मुलगा. "काचंत ठेवलाय त्याला," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. काचेत ठेवलंय. ती पेटी कधी न पाहिलेलेही म्हणतात, आणि तो एक शब्द ऐकला की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळाजवळ कांचनचा नवरा विलास होता. कांचनचे टाके पिकले, ताप चढला. तापातल्या बाईला बाळाजवळ जाता येईना, म्हणून तिला घरी आणलं. बाळाला ओढून पिता येत नव्हतं. जे काय द्यायचं ते सुईतून.

"आन् हिच्या अंगाला दूध आलंय," हौसाक्का म्हणाल्या. "म्या घट्ट फडकं बांधलंय छातीला. दूध आटलं की मन आटतं, बाई. माझी दोन अशीच गेली. मला ठावं हाय."

"पण आक्का, बाळ आहे ना अजून."

"हाय की. म्या कुटं न्हाई म्हणती?" असं म्हणून त्या परत सूप घोळवू लागल्या.

कांचन भिंतीला धरून परसात आली. पोट गेलं होतं, पण चालताना हात अजून तिथेच होता. तिने राही कशी आहे विचारलं, किती दात आले विचारलं. मी चिडवायचं ठरवलेलं सगळं विसरले होते. नुसतंच विचारलं, या वाफ्यात कुणी पाणी घातलं का?

"तुमची आण, ताई. थेंबभर पाणी घातलं न्हाई कुणी."

मग माझं लक्ष वाफ्याकडे गेलं. काडीच्या वरच्या मातीवर चुलीतली राख पसरलेली होती, पातळ, हाताने सारखी केलेली. मुंग्या येऊ नयेत म्हणून टाकतात तशी. जाळी एका कोपऱ्याने उचलून परत नीट बसवलेली.

कांचनने घरात एकदा वळून पाहिलं. आवाज खाली आणला.

"पाणी न्हाई, ताई. दूध घालते."

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, काढत राहा. थांबवलंस तर आटेल, आणि बाळ प्यायला लागलं की लागेल. म्हणून हौसाक्का पाठमोऱ्या झाल्या की ती न्हाणीत जाऊन फडकं सोडायची, वाटीत काढायची, परत घट्ट बांधायची. पण घालायचं कुठे? कढीपत्ता हौसाक्कांच्या कट्ट्यासमोर. केळीखाली कोंबड्या उकरायच्या. गोठ्याकडे शेळी.

"सगळ्या परसात पाय न पडणारी जागा एकच," ती म्हणाली. "तुम्हीच न्हाई का पाटी लावली?"

मी कट्ट्यावर बसले. मग मीच मोबाइल काढून तिला ती रेघ दाखवली. ती माझ्या शेजारी टेकली. एका पायरीवर बोट ठेवून तिने विचारलं, हे कधीचं? मी म्हणाले, काल सकाळचं. "हां. तवा पाऊण वाटी आलतं," ती म्हणाली. पुढच्या पायरीवर बोट ठेवलं. "हे संध्याकाळचं. तवा आक्का आल्या, म्हून अर्धीच." एकेका पायरीवरून तिचं बोट असं फिरत होतं, जसं मी राहीच्या फोटोंवरून फिरवते.

"म्हंजे आटलं न्हाई."

"नाही."

"आक्का म्हणत्यात, आटलं. कवाकवा मलाबी वाटतं, खरंच आटलं." तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला. "ताई, तुम्ही तिकडनं बघत जावा. कमी व्हाया लागलं तर फोन करा. म्या आळीव खाईन, खीर खाईन, काय म्हणाल ते खाईन. त्यो येईस्तवर ऱ्हायला पायजे."

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. दूध डब्यातून आणून देऊ का, विचारलं. माझी एस.टी. त्याच बाजूला जाणारी होती. सिस्टर चांगल्या होत्या, नीट बोलल्या; पण म्हणाल्या, बाळाला तोंडाने अजून काहीच सुरू केलेलं नाही, सुरू केलं की आईलाच बोलावून घेऊ. आत्ता काही आणू नका. मी अजून दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि प्रत्येकीचं उत्तर तेच आलं. फोन ठेवला तेव्हा कांचन माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाट बघायची," मी म्हणाले.

"बघायची की," ती म्हणाली.

सरांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "तुलनेत धरू नका तो वाफा. पण काढूही नका. चालू राहू दे."

तेव्हापासून उठल्यावर पहिलं ते बघायची मला सवय लागली. मांडीवर राही पीत असायची आणि मोकळ्या हातात मोबाइल. राही पिताना एक मूठ माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकवून ठेवायची. तिकडे डोंगरावर पायरी उमटलेली असायची. मी कांचनला एकच शब्द पाठवायची, 'आहे'. तिचा उलटा निरोप यायचा, हात जोडलेले.

एका सकाळी पायरी नव्हती.

दुपारीही नव्हती. रेघ सरळ. फोन लावला तर लागेना. विलासचाही लागेना. मग एकदम लख्ख वाटलं, तिला बोलावलं असणार. तोंडाने सुरू केलं की आईलाच बोलावून घेऊ, म्हणाल्या होत्या ना सिस्टर. दूध वाफ्यात नाही, म्हणजे जिथे जायचं तिथे जातंय. मी सरांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, असंच असणार, असंच असणार. आणि उगाचच दोघांसाठी चहा मागवला. घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांनी कांचनला कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही रेघ सरळ होती. आमच्या कामात सरळ रेघ म्हणजे काहीतरी बिघडलंय. मी मात्र ती रेघ पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

मग एका सकाळी पायरी दिसली.

आली कांचन घरी, मी राहीला म्हणाले. कांचनमावशी आली बरं का घरी. राही पिता पिता हसली, दूध ओघळलं, मी ते पुसायला गेले, आणि हात तिथेच थांबला. ती घरी आली होती, आणि दूध वाफ्यात होतं.

राहीने मान मागे करून माझ्याकडे पाहिलं, दूध का थांबलं म्हणून.

मी तळमाळला गेले. परसात हौसाक्का जाळीचा कोपरा धरून उभ्या होत्या आणि कांचन वाकून वाटी ओतत होती. छातीला बांधलेलं फडकं दोरीवर वाळत घातलेलं होतं. मला बघून हौसाक्का म्हणाल्या, "येतंय तवर येऊ दे म्हणलं आता. अंगाला कोण सांगणार, लेकरू न्हाई म्हणून?" मग त्यांनीच राख आणून वर पसरली, कोंबडी हाकलली आणि सुनेच्या दंडाला धरून तिला कट्ट्यावर बसवलं.

बाळाला खरंच सुरू केलं होतं. कांचनला बोलावलं होतं, हात धुऊन आत सोडलं होतं. तिचंच दूध, इवल्या चमच्याने. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलेपर्यंत.

"पळीभर प्याला असंल सगळं मिळून," ती म्हणाली. "पण प्याला, ताई. गिळताना गळ्यात असं हलायचं." तिने स्वतःच्या गळ्याला बोट लावून दाखवलं. "मग दमला."

मी तिचा हात धरून बसले. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. माझी छाती भरून आली होती, आणि त्या घरात मला त्याचीही लाज वाटत होती. ते तिलाच कळलं. तिने आत जाऊन दुसरी वाटी आणली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवशी वाफ्याच्या रेघेवर दोन पायऱ्या एकाला एक लागून उमटल्या आहेत. सरांनी त्या पाहिल्या असणार. विचारलं नाही.

त्यानंतर पायऱ्या बुटक्या होऊ लागल्या. चाराच्या तीन, मग दोन. मग सकाळची तेवढी, तीही डोळे बारीक करून बघावी लागायची. कमी व्हाया लागलं तर फोन करा, असं ती म्हणाली होती. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. काय सांगणार होते, आळीव खा?

शेवटी तिचाच आला.

"ताई, कालधरनं काय आलं न्हाई."

"हं."

"तिथं काय दिसतं?"

मी रेघ उघडली. पायरी नव्हती. पण शेजारच्या घरांचे उपाशी वाफे जिथे होते, त्यांच्याहून ही रेघ बोटभर वर होती. इतक्या दिवसांचं मातीत राहिलेलं.

"ओल आहे," मी म्हणाले. "मातीने धरून ठेवलीय."

"मशीन खोटं बोलत न्हाई ना?"

"नाही. तूच तर चेपून बसवलंस माझ्याबरोबर."

फोनवर मागे कुठेतरी हौसाक्का कोंबड्यांना हुसकत होत्या.

"मग काडी एवढ्यात काढू नका," ती म्हणाली.

चैत्रात काम संपलं. सगळ्या घरांतल्या काड्या आम्ही धुऊन, पुसून, खोक्यात भरून परत नेल्या. कांचनच्या परसातल्या त्या एकीबद्दल सर म्हणाले, बॅटरी आहे तोवर राहू दे. ऊन मी म्हणत होतं. रेघ रोज केसभर खाली यायची. मी रोज बघायची. मला वरून ओंजळभर पाणी घालता आलं असतं, कुणालाही आलं असतं. पण ते पाणी झालं असतं. म्हणून नुसतीच बघत राहिले. शेजारच्या कोरड्या रेघा जिथे संपल्या होत्या तिथे टेकायला थोडंसं अंतर उरलं होतं, आणि एका दुपारी ती तिथेच थांबली. बॅटरी गेली होती. त्यापुढे पडदा कोरा.

राही आता चौथीत आहे. कांचनला नंतर मुलगी झाली, तीही शाळेत जाते. कांचनचा फोन संक्रांतीला येतोच येतो. आम्ही पोरींचं, पाण्याचं, हौसाक्कांच्या गुडघ्यांचं बोलतो. यंदा बोलता बोलता म्हणाली, पाटी अजून हाय बरं का. पत्रा गंजलाय, पण पोरगी वाचती, पाय ठिवू नये. तिथं आम्ही काय लावत न्हाई.

मग तिने विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"ताई, ती ओल... सुकली का वं पार?"

"शेवटचं बघितलं तेव्हा होती," मी म्हणाले.

"मग असंलच," ती म्हणाली.